निकालाची वाट पाहणारे

५ एप्रिल २०२५, शनिवार. महाडला माझे झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. त्या दिवशी दुकानात कामापेक्षा गप्पाच जास्त होत्या. पनवेलच्या सत्र न्यायालयात अश्विनी बिद्रे खून खटल्याचा निकाल लागायचा होता. पनवेल आमच्यापासून सव्वाशे किलोमीटर दूर. पण जिल्हा एकच, त्यामुळे खटला आपलाच असे सगळ्यांना वाटत होते. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर सकाळपासून बाकावर बसून होते. पोलादपूरहून आलेली एक मुलगी पोलीस भरतीच्या कागदांच्या प्रती काढायला आली होती. तिच्या प्रती केव्हाच निघाल्या, तरी ती थांबली. दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडायची आणि कंडक्टरकाका विचारायचे, "लागला का गं?"

बिद्रे सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. आरोपी अभय कुरुंदकर हाही पोलीस खात्यातलाच अधिकारी. त्या बेपत्ता असतानाच त्याला राष्ट्रपती पदक मिळाले. मृतदेह शेवटपर्यंत सापडला नाही. "प्रेत नाही तर केस नाही," असे काका ठामपणे सांगत होते. आमच्याकडे हा समज फार जुना आहे आणि तो चूक आहे. मृतदेह हाती लागला नाही तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर खून सिद्ध होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगून ठेवलेले आहे. मी तसे म्हटले. त्यावर काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी आरोपीचा वकील आहे.

दोषी ठरल्याची बातमी आली तेव्हा त्या मुलीचा चेहरा मी पाहिला. तिला आनंद झाला असे म्हणता येणार नाही. जिथे नोकरी करायची तिथलीच एक बाई मारली गेली होती, मारणारा तिथलाच होता, आणि ही तिथेच जाण्यासाठी कागद जमवत होती. ती एवढेच म्हणाली, "फाशी व्हायला पाहिजे, दादा." आणि कागद पिशवीत घालून गेली.

या लेखाचा विषय तो खटला नाही. त्याचा निकाल न्यायालयाने दिलेला आहे. विषय आहे तो ती मुलगी, काका आणि मी. खुनाच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याची वाट पाहणारी माणसे काय करत असतात, आणि मराठी नाटकाने या माणसांकडे कसे पाहिले, किंवा पाहायचे कसे टाळले, हे मला तपासायचे आहे. मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. बारावीनंतर जे वाचले ते दुकानात बसून. पण तालुका कोर्टात येणाऱ्याजाणाऱ्यांचे कागद पंचवीसेक वर्षे माझ्या यंत्रातून निघत आहेत, आणि कोर्टाची भाषा मी नाटकांच्या आधी तिथे शिकलो.

आधी शब्द पाहू. मराठीत 'निकाल' हा एकच शब्द दहावीला, निवडणुकीला आणि खुनाच्या खटल्याला चालतो. पहिल्या दोन ठिकाणी उत्तर दोनच प्रकारचे असते: पास की नापास, आला की पडला. तिसऱ्या ठिकाणीही आपण तीच अपेक्षा ठेवून बसतो. शिवाय एखाद्याचा 'निकाल लावणे' म्हणजे त्याला संपवणे, हा अर्थ बोलीत आहेच. पनवेलला चार आरोपी होते. एक खुनासाठी दोषी ठरला, दोघे पुरावा नष्ट केल्याबद्दल, आणि एक निर्दोष सुटला. माझ्या दुकानात मात्र त्या दिवशी एकच नाव उच्चारले गेले. बाकी तिघांचे काय झाले हे संध्याकाळी विचारले तर कोणालाही सांगता आले नाही.

दोषी ठरण्याची तारीख ५ एप्रिल, शिक्षा सुनावली गेली २१ एप्रिलला. मधले सोळा दिवस आमच्याकडे सर्वांनी 'आता कशाला वेळ लावतात' या वाक्यावर काढले. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल वेगळी सुनावणी घ्यावी लागते; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पायरी मुद्दाम घातली. १९८० च्या बच्चन सिंग निकालानंतर तर फाशी द्यायची असेल तर प्रकरण दुर्मिळातले दुर्मिळ आहे हे दाखवावे लागते. म्हणजे कायदा या दिवसांत सर्वांत सावकाश चालतो, आणि वाट पाहणारा नेमका तेव्हाच सर्वांत घाईत असतो. जन्मठेप झाल्यावर काका म्हणाले, "सुटलाच म्हणायचा."

हा 'सुटला' शब्दही पाहण्यासारखा आहे. न्यायालय 'निर्दोष मुक्तता' म्हणते. वर्तमानपत्र 'पुराव्याअभावी सुटका' असा मथळा देते. गावात पोचेपर्यंत त्याचे 'सुटला' होते, जसा मासा जाळ्यातून सुटतो तसा. माणूस निर्दोष असू शकतो ही शक्यता दर टप्प्यावर थोडी थोडी गळत जाते. 'फितूर' हा शब्द त्याहून अवघड. एखादा साक्षीदार ज्याने बोलावले त्याच्या बाजूने बोलला नाही तर तो फितूर. कायद्याला त्यात एवढाच अर्थ अभिप्रेत आहे की आता त्याची उलटतपासणी बोलावणाऱ्या पक्षालाही करता येईल. पण आम्ही रायगडाच्या सावलीत वाढलेली माणसे. फितूर म्हटले की आम्हाला किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा दिसतो. तो साक्षीदार घाबरला असेल, विसरला असेल, किंवा पहिल्यांदा खोटे बोलून दुसऱ्यांदा खरे बोलत असेल, असे मनातच येत नाही. आपली भाषा निकाल लागण्याच्या आधीच बराचसा निकाल देऊन बसलेली असते.

माझे वडील पोलादपूर तालुक्यातले, मुंबईत गिरणीत होते. १९५९ साली ते विशीत होते आणि लालबागला वीसएक जणांबरोबर एका खोलीत राहत होते. नानावटी खटल्याच्या गोष्टी मी लहानपणी त्यांच्याकडून ऐकल्या. पाळी संपली की खोलीत एकजण पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. आंघोळीनंतर गुंडाळलेला टॉवेल झटापटीत कसा सुटला नाही, या प्रश्नावर सरकारी पक्षाचा भर होता. तोच टॉवेल लोकांच्या डोक्यात बसला. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तुले विकायला आली होती. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने उघडपणे आरोपीची बाजू घेतली, आणि चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जाऊ लागला. वडील सांगत, आमच्या खोलीत पैजा लागल्या होत्या. एकाने महिन्याच्या खाणावळीचे पैसे लावले होते.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटी निर्दोष असल्याचे सांगितले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पटला नाही, आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता असे बरेचदा लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही; काही ठिकाणी ज्युरी पुढेही चालू राहिली. पण ज्युरीवरचा विश्वास उडाला तो इथेच, आणि नव्या प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लालबागच्या त्या खोलीतला माणूस पैज लावत असला तरी त्याला माहीत होते की आपल्यासारखेच नऊजण तिथे बाकावर बसले आहेत आणि त्यांनी शपथ घेतली आहे. "आपलं नाव कुठलं त्या यादीत यायला," असे वडील म्हणत. तरी ते नऊजण लोकांपैकी होते. ज्युरर असलेल्याला सगळे ऐकावे लागे, कंटाळा आला तरी उठता येत नसे, आणि शेवटी कौल द्यावा लागे. ज्युरी गेली, पण बाकावर बसून कौल द्यायची हौस गेली नाही. उरली ती शपथेशिवायची ज्युरी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वाहिन्यांच्या वार्तांकनावरील याचिकांचा निकाल देताना, माध्यमांनी चालवलेला असा समांतर खटला न्यायाच्या कामात अडथळा आणतो असे म्हटले. निवेदक निदान दिसतो तरी. माझ्या दुकानातल्या बाकावरच्या ज्युरीला कोण काय सांगणार?

आता नाटकाकडे येतो. नानावटी प्रकरणाच्या आसपासच मराठी रंगभूमीवर न्यायालय जोरात अवतरले. १९६२ मध्ये अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आले, १९६४ मध्ये मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला'. दुसऱ्याचा धागा नानावटी प्रकरणाशी जोडलेला आहे हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. ही दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहा. एक आरोपीचा नकार, दुसरे आरोपीची कबुली. प्रेक्षकाचा शब्द दोन्हींत नाही. 'तो मी नव्हेच'मध्ये लखोबा लोखंडे पहिल्यापासून गुन्हेगार आहे हे आपल्याला माहीत असते; मजा असते ती तो किती सफाईने नाकारतो यात. फिरत्या रंगमंचावर एकेक बाई येऊन साक्ष देते आणि प्रत्येक वेळी आपली खात्री वाढत जाते. मी हे नाटक लहानपणी पाहिले आणि खूप हसलो. आज वाटते, या नाटकात वाट पाहणेच नाही. न्यायाधीशाला जे शेवटी कळायचे ते आपल्याला आधीच कळलेले असते, त्यामुळे आपण न्यायाधीशाच्याही वरच्या खुर्चीत जाऊन बसतो. दोष नाटकाचा नाही, प्रकारच तो आहे. पण त्या खुर्चीची सवय आपल्याला लागली, आणि प्रत्यक्षातला आरोपी 'मी तो नव्हे' म्हणाला की आपल्या ओठांवर पणशीकरांना पाहतानाचेच हसू येते.

अपवाद एकच, आणि तो फार मोठा. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७. या नाटकावर स्त्रीच्या बाजूने आणि मध्यमवर्गीय ढोंगाच्या बाजूने भरपूर लिहून झाले आहे. ते सगळे मी गृहीत धरतो. मला बोलायचे आहे ते सामंतबद्दल.

मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेच्या अध्यक्षांवर खटला असतो. दुपारी वेळ घालवायला म्हणून लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा खोटा खटला रंगवला जातो, कलम लावतात ३०२. हळूहळू खेळ खरा होत जातो. या मंडळींत सामंत हा गावचा माणूस. हॉल दाखवायला आलेला, भिडस्त, कोर्ट कधी न पाहिलेला. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभे करतात. आणि तो साक्ष देतो: प्राध्यापक दामल्यांच्या खोलीबाहेर आपण काय ऐकले ते. ऐकलेले काहीच नसते. हाताशी असलेल्या एका कादंबरीतला प्रसंग तो उचलून सांगत असतो. पण ती साक्ष नेमकी वर्मावर बसते, आणि पुढे तिच्यावरच खटला उभा राहतो.

नव्वदीच्या सुरुवातीला महाडला हौशी कलाकारांनी केलेला या नाटकाचा प्रयोग मी पाहिला. सामंत आला की आमचे प्रेक्षक खूश. तो आपला होता, बोलायला जरा चाचरणारा, मुंबईवाल्यांसमोर बावरणारा. त्याच्या साक्षीला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. समीक्षेत सामंतला बहुधा निरागस म्हणून सोडून देतात: त्याला कळत नव्हते, त्याचा दुष्ट हेतू नव्हता. मला हे पटत नाही. काशीकर आणि सुखात्मे यांचे दुष्टपण उघड आहे, त्यामुळे त्यांच्यापासून सावध राहता येते. सामंतजवळ द्वेष नाही; त्याच्याजवळ फक्त एक वाचलेली गोष्ट आहे आणि आपणही काही उपयोगी पडावे अशी इच्छा आहे. खटला त्याच्याशिवाय उभा राहत नाही. तेंडुलकरांनी त्याच्या हातात कादंबरी दिली हा मला सर्वांत धारदार भाग वाटतो. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या पिढीला रिकामी जागा कशाने भरायची हे ठाऊक होते. काय घडले ते माहीत नसेल तर जे छापलेले आहे ते घडले असे समजायचे.

बेणारेला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत ती जे बोलते ते आपण ऐकतो, पण कोर्टातले कोणी ऐकत नाही. ती आधी निघून जायला बघते तेव्हा दाराची कडी बाहेरून लागलेली असते. आणि सगळे संपल्यावर दार उघडते, गावचे प्रेक्षक आत डोकावून विचारतात की प्रयोग सुरू झाला का. वाट पाहणारे पोचतात ते शिक्षा होऊन गेल्यावर. त्यांना वाटते आपण वेळेवर आलो.

यानंतरच्या कलाकृतींत मी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाकडेच थांबतो. एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून एका लोकशाहिराचा खटला तारखांमागून तारखा चालतो, आणि शेवट असा की कोर्टाला सुट्टी लागते. सगळे निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि रिकामी अंधारी खोली पडद्यावर राहते. मी बघत होतो तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "संपला वाटतं." निकाल आपल्याला मिळतच नाही. त्या अंधारात प्रेक्षकाला स्वतःची चुळबुळ ऐकू येते. ही जागा मला ग्रेट वाटते. पुढचा रिसॉर्टमधला, न्यायाधीशाचा प्रसंग मला थोडा जास्त वाटला; तिथे पुन्हा आपल्याला कोणाला तरी दोषी ठरवायची सोय मिळते.

महाडच्या माणसाने निकालाची वाट पाहणे या विषयावर लिहावे आणि चवदार तळ्याचा दावा विसरावा, हे शक्य नाही. तो खुनाचा नव्हता, दिवाणी होता. २० मार्च १९२७ ला तळ्याचे पाणी घेतले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. आणि परिषदेच्या दहाबारा दिवस आधी, १४ डिसेंबरला, तळे खाजगी आहे असा दावा करणाऱ्यांनी कोर्टाकडून तात्पुरती मनाई मिळवली. हजारो माणसे पायी, भाकऱ्या बांधून आली होती, तुरुंगात जायची तयारी करून. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. ज्या न्यायव्यवस्थेने त्या माणसांना तोवर काही दिले नव्हते, तिच्या निकालासाठी थांबा असे सांगणे सोपे नव्हते. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पाणी मात्र त्या खेपेस घेतले नाही. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १७ मार्च १९३७ ला. म्हणजे दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षांहून जास्त. आमच्या काकांना सोळा दिवस जास्त वाटले त्याच गावात. अर्थात तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण ती माणसे स्वतःच पक्षकार होती आणि आम्ही बघे. पण बघ्याला इतकी घाई का, हा प्रश्न त्यामुळे जास्तच टोचतो.

आता माझी साक्ष.

काही वर्षांपूर्वी पोलादपूरच्या बाजूच्या एका वाडीत एका बाईचा खून झाला. तिचा दीर पकडला गेला. वाडीचे नाव मी देत नाही. अटकेनंतर दोन दिवसांत आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आला: आदल्या रात्री तो कोयता घेऊन नदीकडे जाताना कोणाला तरी दिसला, घरी जमिनीवरून भांडण होते, वगैरे. मजकूर वाईट लिहिलेला होता. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, अर्धवट वाक्ये. मी त्यातले शुद्धलेखन सुधारले, दोन वाक्ये नीट जोडली, आणि पुढे पाठवला. मी लिहिणारा माणूस म्हणून ओळखला जातो. पुढे महिनाभर तो मजकूर ज्यांनी ज्यांनी मला दाखवला, त्यांच्या मोबाईलवर माझी सुधारलेली प्रत होती.

खटला चार वर्षे चालला. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षरी क्रमांक टाकला की पुढली तारीख आणि ती कशासाठी एवढेच दिसते. मी अधूनमधून बघत असे. का बघत होतो हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते. एके दिवशी त्या ओळीत खटला निकाली निघाल्याची नोंद दिसली. ग्रुपवर कोणीतरी लिहिले, सुटला. त्यापुढे हात जोडल्याची दोन चिन्हे.

पावसाळ्यात तो माझ्या दुकानात आला. मी त्याला फोटोवरून ओळखले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल होती. म्हणाला, "शेवटचं पान काढून द्या दादा. बत्तीस प्रती." मी विचारले, बत्तीस कशाला? तर वाडीत बत्तीस घरे. घरटी एक द्यायची. "बाकीचं कोण वाचणार?" तो म्हणाला.

मी नक्कल चाळली. यंत्र तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ होता. कोयत्याची गोष्ट त्यात कुठेच नव्हती. कोणत्याही साक्षीदाराने ती सांगितली नव्हती, पोलिसांनीही नाही. नदीही नव्हती. अडतीस पानांत मी सुधारलेले एकही वाक्य नव्हते.

मी म्हटले, सगळीच काढतो, शेवटचे पान एकटे बरे दिसत नाही. तो म्हणाला, तेवढे पैसे नाहीत. मी म्हटले, पैशाचे बघू. तो नाही म्हणाला, फुकट नको, फुकट दिलं तर लोक म्हणतील कोणी तरी काढून दिलं. शेवटी आम्ही सतरावे, अठरावे आणि शेवटचे अशी तीन पाने ठरवली, जिथे साक्षींचा विचार केला होता ती. शहाण्णव पाने झाली. त्याने ती मोजून घेतली, दोनदा. माझा मजकूर कोणी लिहिला हे त्याला माहीत होते की नव्हते, ते मी विचारले नाही आणि त्यानेही काही काढले नाही. बाहेर पाऊस होता म्हणून त्याने पिशवीला आणखी एक पिशवी मागितली. ती मी दिली, आणि तो पोलादपूरची गाडी पकडायला स्टँडकडे गेला.